खिडकीचं बूच

४ मार्च

टिटवे,

हात कोपराच्या वर थोरल्या गायीच्या पोटात होता तेव्हा शिपाई पाकीट घेऊन गोठ्यात आला. सही हवी म्हणाला. थांब म्हटलं, तर म्हणे साहेबांनी ताबडतोब सांगितलंय. नव्या विद्यार्थिनींनी काल आत टांगलेली चाऱ्याची पिशवी दोरीतून निसटली होती, ती नुकतीच बोटांना लागली होती. सोडली असती तर पुन्हा शोधण्यात अर्धा तास गेला असता. म्हणून डाव्या हाताने सही केली. शिपाई म्हणाला, ही तुमची सही वाटत नाही. मी म्हटलं, दुसरा हात कुठे आहे ते दिसतंय ना तुला.

पिशवी काढली, बूच बसवलं, हात धुतले आणि मग पाकीट फोडलं.

कारणे दाखवा अशी नोटीस आहे. मागे तुझं निवेदन जोडलंय, दीड पान. सही बघायच्या आधीच कळलं की तुझं आहे. तुझी वाक्यं मी तू चौथीत असल्यापासून ओळखतो. तू लिहिलंयस: प्रयोगासाठी तीन गायींच्या डाव्या कुशीत शस्त्रक्रियेने छिद्र करून रबरी कडी व बूच बसवलेले आहे. पैकी एक गाय १४ फेब्रुवारी रोजी दगावली. १२ तारखेस सकाळी तिचे बूच सैल असल्याचे मी स्वतः पाहिले. आदल्या संध्याकाळी ते बसवण्याची जबाबदारी संबंधित परिचराची होती. बाहेरची हवा आत गेल्याने पोटातील सूक्ष्मजीवांचे संतुलन बिघडले असावे.

सगळं ठाम आहे. शेवटी तेवढं 'असावे'.

पैकी एक गाय, हे मी समजू शकतो. निवेदनात तिचं खिडकी हे नाव लिहिता येत नाही. पण 'संबंधित परिचर' हे शब्द मी तीनदा वाचले. आधी वाटलं दुसऱ्या कुणाबद्दल आहे.

तू विसरली असशील म्हणून लिहितो. ११ तारखेला संध्याकाळी साडेपाचला मी खिडकीचं बूच बसवलं. कडेला पाणी लावलं, आत रेटलं, तळहाताच्या टाचेने दोन ठोके दिले, फिरवून पाहिलं. सव्वीस वर्षं असंच बसवतोय. मग सहाच्या बसने तुझ्या आईकडे गेलो. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. तू म्हणाली होतीस, मामा, तू जा, प्रयोग सोडून मला हलता येत नाही. तू १२ तारखेला सकाळी जे बूच स्वतः पाहिलंस म्हणतेस, तेव्हा मी अक्काच्या डोळ्यात थेंब घालत होतो. दर दोन तासांनी, तीन दिवस.

चौकशी २२ तारखेला अकरा वाजता आहे. विभागप्रमुखांना एक ओळ लिहून पाठव. मी बूच सैल पाहिलं नाही, एवढंच. तू आता दुसऱ्या शहरात आहेस, मोठ्या जागेवर आहेस, तिथून एका ओळीने तुझं काही बिघडणार नाही.

संबंधित परिचर


९ मार्च

टिटवे,

पत्र नाही. फोन लावला तर तुझ्याऐवजी कुणीतरी उचलला आणि मॅडम व्याख्यान देतायत म्हणून सांगितलं. कशावर, असं विचारलं. गायींच्या पचनावर, असं उत्तर आलं. ते बरोबरच आहे.

तू नऊ वर्षांची होतीस. शाळेला सुट्टी होती आणि अक्काने तुला माझ्या गळ्यात टाकलं होतं. दिवसभर गोठ्यात टिव टिव चालायची, म्हणून हे नाव. खिडकीच्या आधी जी गाय होती तिचं बूच मी काढलं आणि तुला स्टुलावर उभं केलं. तुझा हात खांद्यापर्यंत गेला तरी तळ लागला नाही. तुझी बडबड एकदम थांबली. मग म्हणालीस, मामा, आत कुणीतरी माझा हात दाबतंय.

मी म्हटलं, मोज. तू मोजलंस. मिनिटाला दीडदा, असं उत्तर दिलंस. अर्धं दाबणं कसं मोजलंस विचारलं तर म्हणालीस, दोन मिनिटं मोजलं. त्या दिवशी मी अक्काला सांगितलं की ही पोरगी इथेच येणार.

हे तुला रडवायला लिहीत नाही. तुझ्या हाताला ते पोट माहीत आहे याची आठवण करून द्यायला लिहितोय.

आता शवविच्छेदनाचं. तू होतीस, पण वही घेऊन दाराशी उभी होतीस. कोटीपोट, म्हणजे गायीचं पहिलं मोठं पोट, मी धुतलं. एरवी त्याची आतली बाजू ओल्या जाड टॉवेलसारखी असते, लव उभी, बोट फिरवलं तर खरखरतं. खिडकीच्या पोटाची लव माझ्या हातात आली. धुताना नळाच्या पाण्याबरोबर वाहून गेली. खाली लाल चट्टे. रोगनिदानाच्या बाईंनी विचारलं, हिला काय खायला घालत होतात. मी तुझ्याकडे पाहिलं. तू वहीचं पान उलटलंस.

उघड्या बुचाने लव गळत नाही. मागे एकदा थोरलीचं बूच तिनेच गव्हाणीला घासून पाडलं होतं. अख्खी दुपार उघडं होतं. दोन दिवस कमी खाल्लं आणि तिसऱ्या दिवशी मला शिंग मारायला धावली. तेव्हा मलम तूच लावलं होतंस.

बाईंनी अहवालात लिहिलं, पोटात आम्ल वाढून मृत्यू, कारण निश्चित नाही. विभागप्रमुखांनी मला बोलावून तुझी वही पुढे टाकली. माणूस वाईट नाही. म्हणाले, तुम्हीच बघा, अकरा तारखेपर्यंत सामू रोज सहाच्या वर आहे. सहाच्या खाली उतरला तर पोट आंबलं म्हणायचं. मग नऊ आठवडे प्रयोगाचा नवा खुराक मानवला आणि तीन दिवसांत गाय मेली, तर मधे काहीतरी घडलं असलंच पाहिजे. काय घडलं ते डॉक्टरबाईंनी लिहून दिलंय. डॉक्टरबाई म्हणजे तू.

मी म्हटलं, बूच बंद होतं. ते म्हणाले, तुमची भाची आहे ना ती. ती तुमच्याविरुद्ध खोटं कशाला लिहील.

याचं उत्तर मी तुझ्याकडे मागतो. तुला येत असेल तर लिही.

राहिलेल्या दोघींचा तुझा खुराक बंद केला आणि चौथ्या दिवशी त्या नीट रवंथ करायला लागल्या. हेही कुठे लिहिलेलं नाही.

मामा


१३ मार्च

काल अक्का आली होती. काळा चष्मा लावून, एकटी, बस बदलून. ऑपरेशननंतर दीड महिना धूळ टाळायची असं मला डॉक्टरांनी बजावलं होतं, तिला नव्हतं असं दिसतं. आत आल्या आल्या चष्मा काढून छताकडे बघत म्हणाली, तुझ्या घरात इतकी जळमटं आहेत हे मला आजवर दिसत नव्हतं रे. मी म्हटलं, मलाही दिसत नाहीत, माझं ऑपरेशन व्हायचंय. हसली. मग तिने पिशवी मांडीवर घेतली आणि ती हसणं संपवून बसली तेव्हा मला कळलं की ती सहज आलेली नाही.

आधी इकडचं तिकडचं झालं. तू किती बारीक झालीयस, तुझ्या नव्या खोलीला ऊन कसं येत नाही. मग मला म्हणाली, अरे, तुझ्या नोकरीचे अकरा महिने राहिलेत. अकरा महिन्यांनी तू घरी बसणार. कागदावर एक ताशेरा असला काय आणि नसला काय, त्याला विचारतंय कोण. पोरीचं अजून सगळं व्हायचंय. नव्या जागेवर अजून कायम केलेलं नाही. हा प्रयोग धरूनच तिला घेतलंय.

मी विचारलं, तिने बूच सैल पाहिलं का.

'पाहिलं म्हणून लिहिलं.'

'तू तिला विचारलंस?'

'मी कशाला विचारू? तू विचार. तू मामा आहेस ना तिचा?'

'म्हणून तर ती मला सांगत नाही.'

अक्का चष्म्याची दांडी उघडत मिटत बसली. मग पिशवीतून कागद काढला. दोन घड्यांचा, टाइप केलेला.

तू माझी चूक माझ्यासाठी लिहून पाठवलीस. दिनांक ११ फेब्रुवारी रोजी घाईत असल्याने माझ्याकडून नजरचुकीने बूच पूर्ण बसवले गेले नाही, त्याबद्दल मी दिलगीर आहे. खाली माझं नाव, हुद्दा, सहीसाठी रेघ. घाईत का होतो तेही लिहिलंयस. बहिणीच्या शस्त्रक्रियेसाठी तातडीने जावयाचे असल्याने. सहानुभूती मिळेल असं बघितलंयस. कागद चांगला झालाय. मी लिहिला असता तर इतका चांगला झाला नसता.

मी अक्काला विचारलं, यात काय लिहिलंय माहीत आहे का तुला. म्हणाली, तिने वाचून दाखवलं. मी विचारलं, वाचताना तिचा आवाज कसा होता. अक्का म्हणाली, हे कसले प्रश्न विचारतोस रे.

तिला बसपर्यंत सोडलं. खिडकीशेजारची जागा मिळवून दिली. बस सुटताना तिने काचेतून हाताने खूण केली, सही कर. मी हात हलवला. तिला तो होकार वाटला असेल. लांबून तसाच दिसला असता.

तू मला फसवलंस हे मी ४ तारखेलाच मान्य केलं होतं, त्याची सवयही होत आली होती. पण माझ्या बहिणीला तू या कामावर धाडलंस. ज्या डोळ्यासाठी मी गोठ्यातून गेलो, तो डोळा घेऊन ती मला सही मागायला आली. हे तुला सुचलं कसं?

कागद माझ्याकडे आहे. सही केलेली नाही.


१८ मार्च

टिटवे,

आज भांडारपाल भेटला. गोदामाच्या पायरीवर बसून सुपारी कातरत होता. मला बघून सरकला. मागे पोती छतापर्यंत रचलेली. म्हटलं, हे काय. म्हणाला, तुमच्या भाचीचा खुराक. २३ तारखेला सकाळी ट्रक भरून निघणार. शेतकऱ्यांचे चाळीस गोठे धरलेत. विभागप्रमुखांनी चौकशीच्या दुसऱ्याच दिवसाची तारीख दिलीय, म्हणजे बुचाचं एकदा निकालात निघालं की मोकळं. मग म्हणाला, मामा, तुम्ही लवकर सही करा बुवा, माझ्या गोदामात उंदीर व्हायला लागलेत.

तो चेष्टेने म्हणाला. मी तिथेच पायरीवर बसलो.

चाळीस गोठ्यांत किती जनावरं असतील मला माहीत नाही. त्यांच्या कुशीत खिडकी नाही. आत काय चाललंय ते कुणाला दिसणार नाही, हात घालता येणार नाही. जनावर खायचं थांबेल तेव्हाच कळेल.

आता तुला एक सांगायचं आहे. पहिल्या पत्रात सांगायला हवं होतं. तेव्हा मी चिडलो होतो, आणि चिडलेल्या माणसाला आपलं काही आठवत नाही. तरीही खरं हे की मला आठवत होतं.

डिसेंबरात तुझा खुराक सुरू झाल्यावर आठव्या दिवशी खिडकीचं चर्वण घटलं. एक घास वर आणला की ती पंचावन्न वेळा चावायची. ते अडतीसवर आलं. बूच काढलं की वास यायचा, आंबट, नाकात टोचणारा. वर तरंगणारा चाऱ्याचा थर पातळ झाला होता. हाताला दाब कमी लागत होता. मी तुला सांगितलं. तू गाडीला टेकून फोनवर बोलत होतीस. फोनवर हात ठेवून म्हणालीस, मामा, नाकाने विज्ञान होत नाही.

ते खरं आहे. मी परत गेलो.

दुसऱ्या दिवसापासून मी तिला सोडा द्यायला लागलो. साधा खायचा सोडा. दोन मुठी, कोमट पाण्यात कालवून, बुचातून आत. दुपारी दोनला. तू सामू दुपारी चार वाजता मोजायचीस. तुझ्या मोजण्याच्या आधी द्यायचा असं मी ठरवलं नव्हतं. दोनला गोठ्यात कुणी नसतं म्हणून दोनला. आणि एकीला दिल्यावर दुसरीच्या बुचाशी तोच वास आला, म्हणून तिघींना. रोज, नऊ आठवडे. मला एवढंच दिसत होतं की जनावराचं पोट जळतंय आणि माझ्याकडे त्यावर औषध आहे. शेतावरचा कुठलाही गडी हेच करेल. पण मी शेतावरचा गडी नाही. मी प्रयोगाच्या गोठ्यातला माणूस आहे. प्रयोगाच्या गाईचं दुखणं बरं करायचं नसतं, लिहून ठेवायचं असतं. हे मी सव्वीस वर्षं नव्या पोरांना शिकवत आलो.

तुझे आकडे छान यायला लागले. सहा पॉइंट दोन. सहा पॉइंट तीन. तू एकदा वही घेऊन धावत आलीस, माझ्या नाकासमोर धरलीस आणि म्हणालीस, मामा, तुझं नाक म्हातारं झालं. मी हसलो. तेव्हा सांगता आलं असतं. दोन पावलांवर सोड्याचा डबा होता. पण तू इतक्या दिवसांनी मला वही दाखवायला आली होतीस.

मग अक्काचं ऑपरेशन निघालं. मला वाटलं, तीन दिवस निभावतील. तुला सोडा द्यायला सांगता येईना, कारण सोडा आहे हेच सांगितलं नव्हतं. थोरली आणि तिसरी, दोघी कशातरी टिकल्या. खिडकी सगळ्यांत जास्त खायची.

म्हणजे विभागप्रमुख म्हणाले ते बरोबर आहे. त्या तीन दिवसांत काहीतरी घडलं. सोडा थांबला.

आणि तुझ्या वहीतले आकडे तुझ्या खुराकाचे नाहीत. माझ्या सोड्याचे आहेत. तू खरं मोजलंस, पण मी तुला खोटी गाय दिली. तू त्यावर अहवाल लिहिलास, नोकरी मिळवलीस, आज व्याख्यानं देतेस. मी तुला फसवणारी म्हणतोय ते नऊ आठवडे तुला फसवून झाल्यावर. पाच दिवस मी याच्याभोवती घुटमळतोय. तुझ्या बाजूने पाहिलं तर गाय ठणठणीत होती आणि अचानक मेली. तू कारण शोधलंस, आणि हाताशी माझंच बूच होतं.

तरी एक उरतं. बूच बंद होतं. तू ते सैल पाहिलं नाहीस, आणि पाहिलं म्हणून लिहिलंस. मी माझी गोष्ट सांगितली म्हणून तुझी पुसली जात नाही. दोन्ही राहू देत.

मी चौकशीत सोड्याचं सांगणार आहे. मग काय होईल ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. बूच विसरणं ही नजरचूक, त्यावर ताशेरा. प्रयोगात हात घालणं याला अकरा महिनेसुद्धा थांबणार नाहीत. तुझ्या नव्या जागेचं काय होईल, ते लिहायला माझा हात वळत नाही.

त्याआधी तुला काही करायचं असेल तर अजून चार दिवस आहेत. तू स्वतः विभागप्रमुखांना कळवलंस की प्रयोगात दोष निघाला, आकडे मागे घेते, तर ते तुझ्या तोंडून येईल. ते जास्त बरं. म्हणून हे जलद टपालाने टाकतोय.

मामा


२१ मार्च

काही आलं नाही. पोस्टात दोनदा विचारून आलो. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, पोचल्याची नोंद आहे, तुमच्या माणसाने घेतलंय. तुमचं माणूस असं त्या म्हणाल्या.

उद्या अकरा वाजता. सदरा धुऊन ठेवलाय. काय बोलायचं ते एका कागदावर लिहिलं आणि पाठ केलं, मग कागद फाडला, कारण वाचून दाखवलं तर कुणीतरी लिहून दिलंय असं वाटेल. तू दिलेला कागदही फाडला. अक्काला तसं कळवलं. फोनवर तिकडून भांड्यांचा आवाज येत राहिला.

मी एवढंच सांगणार: सोडा मी दिला, डॉक्टरबाईंना माहीत नव्हतं, खुराक बाहेर पाठवू नका. बूच बंद होतं. तुझ्या निवेदनाबद्दल विचारलं तर तिलाच विचारा म्हणेन.

तुला माहीत नव्हतं, हे मी दोनदा सांगणार आहे. लिपिक पहिल्यांदा सांगितलेलं लिहीत नाही.


२२ मार्च, दुपार

टिटवे,

तू होतीसच. तरी लिहितो. माझ्या खुर्चीवरून काय दिसलं ते तुला माहीत नाही.

मी आत गेलो तर तू टेबलाच्या त्या बाजूला बसलेली. फाइल मांडीवर, पाय स्टुलाला अडकवल्यासारखे खुर्चीच्या दांडीला. मला कुणी सांगितलं नव्हतं की तू येणार. मला वाटलं, बूच सैल होतं हे समोर बसून सांगायला आलीस. फाइलमधून माझं पाकीट डोकावत होतं. फोडलेलं. म्हणजे निदान दोन दिवस तुझ्याकडे होतं.

मी बोललो. पाठ केलेलं अर्धं विसरलो पण सोड्याचं सगळं सांगितलं. किती, कधी, कुणाला, कशात कालवून. लिपिक लिहायला लागला तसं विभागप्रमुखांनी त्याला हाताने थांबवलं. विचारलं, हे डॉक्टरबाईंना माहीत होतं? मी म्हटलं नाही. पुन्हा म्हटलं, त्यांना काहीही माहीत नव्हतं.

तू म्हणालीस, 'मला माहीत होतं.'

मी तुझ्याकडे पाहिलं. मला वाटलं मामाला वाचवायला बोलतेयस. क्षणभर, खरं सांगतो, छान वाटलं.

मग तू सांगायला लागलीस. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तुला बुचाच्या कडेला पांढरं दिसलं. बोटाने घेऊन जिभेला लावलंस. दुसऱ्या दिवशी गव्हाणीमागचा डबा पाहिलास, आणि त्यानंतर दोन ते अडीच गोठ्याकडे यायचंच नाही असं ठरवलंस. आवाज शांत होता. अक्काला कागद वाचून दाखवताना असाच असेल.

विभागप्रमुख म्हणाले, मग थांबवलं का नाही. तू म्हणालीस, 'मामा घालत होता तोवर खुराक बरा की वाईट, हे मला स्वतःला विचारावं लागत नव्हतं.'

आणि ते तीन दिवस, असं त्यांनी विचारलं. मी ते विचारणार नव्हतो.

'रोज दोनला डबा हातात घेऊन उभी राहायचे. माझ्या हाताने घातला असता तर ते माझं झालं असतं.'

'आणि बूच?'

'बंद होतं.'

लिपिकाने विचारलं, आता लिहू का. ते लिहा म्हणाले. तू सही केलीस, मी केली. या वेळी उजव्या हाताने.

बाहेर व्हरांड्यात तू म्हणालीस, मामा, चहा घेऊया. मी म्हटलं, गायींना पाणी दाखवायचंय. पाणी मी सकाळीच दाखवलं होतं. तू मान हलवलीस. तुला गोठ्याच्या वेळा पाठ आहेत, तुला कळलं असणार.

आता घरी बसून हे लिहितोय. तू आलीस आणि खरं बोललीस. नसतीस बोलली तर सगळं माझ्यावर आलं असतं आणि तू सुटली असतीस. हे मला कळतं आणि मी ते कमी धरत नाही. बुचाचंही मी एकवेळ गिळलं असतं. माणूस घाबरलं की हाताला लागेल ते पुढे करतं.

पण १८ तारखेचं ते पत्र मी लिहिलं तेव्हा रडलो होतो. सत्तावन्नाव्या वर्षी, भर दुपारी, दार लावून. तुला खोटी गाय दिली म्हणून. तू ते पत्र वाचलंस, आणि मी तुला खोटी गाय दिली असं मला वाटतंय हे वाचूनही दोन दिवस गप्प राहिलीस. नऊ आठवडे मी चोरासारखा दोन वाजता गोठ्यात शिरायचो. मागे वळून बघायचो. मला वाटायचं मी तुझ्यापासून लपवतोय. तू मला लपवू दिलंस. माझी माया तुझ्या कामी येत होती तोवर तू तिच्याकडे पाठ करून उभी राहिलीस, आणि ती चुकून कुणाला दिसली असती तर माझ्याच नावावर गेली असती. खिडकीला तीन दिवस जळताना बघितलंस, डबा हातात असताना. ते मी नसतं केलं. मी तर खोटारडा ठरलो, पण ते नसतं केलं.

याचं उत्तर मी तुझ्याकडून मागत नाही.

मामा


२३ मार्च

काल हे टाकलं नाही, म्हणून खाली लिहितो.

सकाळी सातला भांडारपालाला निरोप आला. ट्रक भरून उभा होता. हमालांनी पोती उतरवून परत गोदामात लावली, नऊपर्यंत चाललं. निकाल लागेपर्यंत मला गोठ्यात यायला मनाई आहे. तसा कागद मिळाला, सही करून घेतला. साडेनऊला गोठ्याची किल्ली द्यायला कार्यालयात गेलो. तुझ्याकडे राहिलेली किल्ली आधीच जमा झालेली होती.